माणूस साथ देणार का दगा, हे आधी सांगता येतं का?

पंचगंगाकाठचा:
भावांनो, परवा राजारामपुरीत चहावर यावरनं लय वाजलं. माझं मत सरळ हाय, माणूस कसाय ते बघू नका, उद्या परत गाठ पडणार का तेवढं बघा. ॲक्सेलरॉड नावाच्या अमेरिकन राज्यशास्त्राच्या प्राध्यापकानं १९८० च्या सुमारास कॉम्प्युटर प्रोग्रॅमची स्पर्धा लावली, दोघांनी साथ द्यायची नाहीतर दगा, तेच परत परत, त्यात रॅपोपोर्टचा 'जशास तसे'वाला प्रोग्रॅम जिंकला, म्हणजे आधी साथ द्यायची, मग समोरचा मागच्या डावात वागला तसंच वागायचं. दुसऱ्या फेरीला ६२ जण पहिला निकाल वाचून तयारीनं आले, तरी परत तोच!

गुजरीवाला:
मग भिशी कशी चालती? १२ जणं, १२ महिने, शेवट सगळ्यांना ठाऊक. दुसऱ्या महिन्यात उचललेल्यानं पुढचे १० हप्ते कशाला भरायचे? आणि १९५० ला रँड ह्या अमेरिकन संशोधन संस्थेत फ्लड आणि ड्रेशरनं दोघांना असलाच साथ-दग्याचा खेळ १०० डाव खेळायला लावला, शेवट माहीत, गेम थिअरी म्हणती एकदाबी साथ देऊ नका, तरी ६० डावांत दोघांनी दिली.

पंचगंगाकाठचा:
भिशी संपती कुठं? तीच माणसं दिवाळीनंतर परत नवी चालू करत्यात.

शिरोळचा ऊसवाला:
नुसती गाठ पडून काय होत न्हाई, दणका बसायला पाहिजे. आमच्या पाणी संस्थेत रात्री कुणी पाळी मोडून व्हॉल्व्ह फिरवला की सकाळी कुणाची सरी ओली ते अख्ख्या शिवाराला दिसतं, मग त्याच्या पुढच्या पाळीचं काय होतं ते विचारू नका. फेर आणि गेख्टर ह्या अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली हेच दाखवलं, सामायिक पैशाच्या खेळात दंड नसला की लोक हळूहळू हात आखडता घेतात, दंड ठेवला की टिकतात, आणि दंड करणाऱ्याच्या खिशालाबी चाट बसते तरी तो करतो.

गुजरीवाला:
ते बरोबर, पण माणूस बघू नका हे अजिबात पटत नाही. त्याच दोघांनी फिशबाखरबरोबर २००१ ला तपासलं, खेळ एकच, तरी निम्मे लोक 'बाकीचे देतील तसं देऊ'वाले आणि ३० टक्के निव्वळ फुकटे. टेबलावर कोण बसलंय हे माहीत नसताना तू भाकीत कसलं करणार? पत्रिका बघून?

पंचगंगाकाठचा:
लोकांच्या सवयीबी खेळानंच लागत्यात की.

गुजरीवाला:
असं? मग तुमच्यात नव्या माणसाची चिठ्ठी पहिले चार महिने डब्यात घालत न्हाईत ते कशाला?

पंचगंगाकाठचा:
तो पुढच्या वर्षी असणार का ते माहीत नसतं म्हणून. म्हणजे माझंच खरं.

शिरोळचा ऊसवाला:
😂 ह्याला पहिला नंबर देऊ नका रे कुणी