रिअल्म: एकाच लॉटवर दोन्ही अटी कशा लावायच्या?

गोदाकाठ_डेव्ह
रिॲक्ट नेटिव्ह ॲप, रिअल्म (ॲपमधला डेटाबेस) फक्त फोनवर, सिंक नाही. शेतकरी ऑब्जेक्टमध्ये लॉटची लिस्ट. लॉटला कांद्याची जात आणि वजन क्विंटलमध्ये. लाल कांद्याचा 20 क्विंटलपेक्षा मोठा लॉट ज्यांनी पिंपळगावला आणला ते शेतकरी हवेत. फिल्टर (कीवर्ड इथे देवनागरीत लिहितोय):

एनी लॉट.जात == 'लाल' अँड एनी लॉट.क्विंटल > 20

यात निफाडचा एक खातेदार येतोय. त्याचा लाल 12 क्विंटलच आहे, 35 चा लॉट उन्हाळचा. रिअल्मचा बग आहे का?

चाळ_भरलेली
बग नाही. प्रत्येक ‘एनी’ लिस्ट वेगळी चाळतो. पहिल्याला 12 चा लाल सापडला, दुसऱ्याला 35 चा उन्हाळ. दोन्ही खरे, शेतकरी आत. दोन्ही अटी एकाच लॉटला हव्यात तर:

सबक्वेरी(लॉट, $ल, $ल.जात == $0 अँड $ल.क्विंटल > $1).@काउंट > 0

'लाल', 20 या किमती $0, $1 नेच द्या. स्ट्रिंगमध्ये चिकटवल्या की एखाद्या नावातलं अवतरणचिन्ह क्वेरी मोडतं. आणि ‘नन’ (एकही नाही), ‘ऑल’ (सगळे) वापरताना जपून: ज्याचा एकही लॉट नाही तोही दोन्हींत पास होतो.

द्राक्षबाग९
स्क्रीनवर लॉटच दाखवायचे असतील तर सबक्वेरीचा खटाटोप कशाला? लॉटच्या स्कीमात लिंकिंगऑब्जेक्ट्स (लॉटवरून मालक शेतकऱ्याकडे नेणारी उलटी लिंक) टाका आणि थेट लॉट फिल्टर करा, साधा अँड पुरतो. मात्र मालक एकच असला तरी लिस्टच मिळते, त्यामुळे [0] घ्यावं लागतं आणि त्यावरून शेतकऱ्याच्या नावानं सॉर्ट होत नाही. शेतकरी डिलीट केला तरी त्याचे लॉट मागे राहतात, आपोआप जात नाहीत. असे बेवारस लॉट @लिंक्स.@काउंट == 0 ने सापडतात.

गोदाकाठ_डेव्ह
सबक्वेरीनं जमलं, तो खातेदार गेला. पण आता ‘कुऱ्हाडे’ आडनावाचे दोनच दिसतात, आहेत तीन.

चाळ_भरलेली
तो ‘ऱ’चा घोळ. एका कीबोर्डवर तो एकच अक्षर, दुसऱ्यावर र आणि खाली नुक्ता. दिसायला सारखे, बाइट वेगळे, म्हणून == जुळत नाही. सेव्ह करताना आणि शोधताना, दोन्हीकडे नॉर्मलाइझ('एनएफसी') चालवा, म्हणजे दोन्ही रूपं एकच होतात. जुन्या नोंदी एका मायग्रेशनमध्ये (जुना डेटा एकदाच बदलून घेण्याची पायरी) उरकून घ्या. तालुका आणि कांद्याची जात तर नावाऐवजी कोडनेच ठेवा.