हिवाळ्यात बहुवर्षायू सुगंधी झाडे कशी जगवावीत?

प्रश्न:
माझ्याकडे थाइम आणि सेज जमिनीत, तर रोजमेरी, पुदिना व गवती चहा कुंड्यांत लावलेले आहेत. गेल्या हिवाळ्यात पारा शून्याखाली उतरू लागताच मी सर्वांना पालापाचोळ्याचा जाड थर दिला आणि पाणीही नेमाने घातले. तरीही वसंतात पुदिना तेवढा पुन्हा फुटला, बाकीची झाडे काळी पडून गेली. यंदा सर्व नव्याने लावली आहेत. माझी चूक नेमकी कोठे झाली असावी?

प्रतिसाद १:
आपल्या वर्णनावरून मला थंडीपेक्षा ओलाव्याचा संशय अधिक येतो. रोजमेरी, थाइम व सेज ही मूळची भूमध्य समुद्राभोवतालच्या कोरड्या, खडकाळ उतारांवरची झाडे आहेत. थाइम तर उणे २० अंश सेल्सिअसची थंडीही सोसते, परंतु गार मातीत पाणी साचून राहिले की त्याची मुळे कुजतात. भिजलेला पालापाचोळा बुंध्याला चिकटून बसला असेल, तर कूज बहुधा तेथूनच सुरू झाली असावी. वाफा वीतभर उंच करावा आणि आच्छादन जमीन गोठल्यानंतरच, ५ ते १० सेंटीमीटर जाडीचे, बुंध्यापासून चार बोटे दूर ठेवून घालावे. त्याचा उपयोग ऊब देण्यासाठी नसून, माती वारंवार गोठून आणि वितळून मुळे वर उचलली जाऊ नयेत यासाठी आहे.

प्रतिसाद २:
कुंड्यांचा विचार वेगळा करावा लागेल, कारण तेथे मुळांना चहूबाजूंनी गारठा लागतो. गवती चहा हे उष्ण प्रदेशातले गवत असल्यामुळे पारा ५ अंशांच्या खाली जाण्यापूर्वीच ते घरात घ्यावे. रोजमेरीलाही भरपूर उजेडाची, पण १० ते १५ अंशांची थंड खोली मानवते. उबदार, कोंदट जागेत तिच्यावर लवकर भुरी पडते. वरची बोटभर माती सुकल्यावरच पाणी द्यावे, मात्र मुळांशी माती पूर्ण कोरडी होऊ देऊ नये. पुदिन्याची काळजी नको, तो जमिनीखालच्या खोडांवर तग धरतो. (आवरायचा कसा, ही चिंता मात्र उन्हाळ्यात करावी लागते.)

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. एक सांगायचे राहिले: थंडीच्या तोंडावर मी सेज निम्म्यावर छाटले होते आणि खतही घातले होते.

प्रतिसाद १:
मग सेजच्या बाबतीत तेही कारण असू शकते. उशिरा केलेल्या छाटणीने आणि नत्रयुक्त खताने कोवळा फुटवा येतो व तो पहिल्याच हिमतुषारात करपतो. पहिल्या हिमतुषाराच्या सहा ते आठ आठवडे आधी खत थांबवावे आणि मोठी छाटणी वसंतात, नवे कोंब दिसू लागल्यावर करावी. शिवाय झाड मेले असे ठरवण्याची घाई करू नये. मी स्वतः एकदा जिवंत सेज उपटून टाकले आहे. फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले, तर आणखी काही आठवडे वाट पाहावी.