अँफोरा = मद्यकुंभ? मग तेलाचं काय करायचं?

तांबडी_माती:
रोमन काळातल्या मातीच्या भांड्यांवरचा एक लेख मराठीत आणतेय. वाचक आठवी-नववीची मुलं. आपल्या पुस्तकांत, विशेषतः नेवासे किंवा तेरच्या उत्खननाबद्दल लिहिताना, 'अँफोरा'ला सर्रास 'मद्यकुंभ' म्हटलेलं असतं. माझा लेख मात्र रोममधल्या माँते तेस्ताच्चोबद्दल आहे. ही सुमारे ३५ मीटर उंचीची टेकडी फुटक्या अँफोऱ्यांची बनलेली आहे, आणि त्यातले बहुतेक दक्षिण स्पेनमधून, तेव्हाच्या बेटिकातून, ऑलिव्हचं तेल घेऊन आलेले. आता 'तेलाच्या मद्यकुंभांची टेकडी' असं लिहू? काहीतरी सुचवा.

शुद्धाक्षर:
मूळ ग्रीक शब्दात 'अँफी' म्हणजे दोन्ही बाजूंनी आणि 'फेरो' म्हणजे वाहणे. दोन कानांना धरून न्यायचं भांडं. तेव्हा 'द्विकर्णी कुंभ' म्हणावं. आत काय होतं याच्याशी नावाचा संबंधच राहत नाही.

नदीकाठ:
आठवीच्या पोराला द्विकर्णी? साधा 'रांजण' म्हणा की.

शुद्धाक्षर:
रांजण जागचा हलत नाही, अर्धा जमिनीत पुरलेला असतो. अँफोरा बनवलाच प्रवासासाठी. निमुळत्या बुडामुळे जहाजाच्या पोटात एकावर एक थर रचता येत. रांजण म्हटलं की व्यापार गेला आणि माजघर आलं.

आजोळकर:
'बुधला' कसा वाटतो? आमच्या आजोळी गोडेतेल बुधल्यातच यायचं. अरुंद तोंड, फुगीर पोट, आणि बुधला न्यायचा-आणायचाच असायचा. ज्या अँफोऱ्यांनी ती टेकडी झाली त्यांचा आकारही गोल गरगरीत, साधारण ७० लिटर तेल मावणारा.

शुद्धाक्षर:
बुधला चामड्याचा. मशालजीची बुधली आठवा.

आजोळकर:
आमच्याकडे मातीच्यालाही बुधलाच म्हणत. आजीच्या तोंडचा शब्द आहे, मी तो सोडणार नाही.

दूरदेशी:
मद्यकुंभ हा शब्द आपल्याकडे उगाच आलेला नाही. भारतात सापडलेल्या रोमन अँफोऱ्यांत दारूचेच जास्त आहेत. पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूला पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरने १९४५ साली खोदलं तेव्हा तेही मिळाले, आणि त्यांच्याबरोबर इटलीतल्या आरेत्सोची तकतकीत लाल भांडीही. पण तिथेच तेलाच्या आणि माशाच्या आंबवलेल्या रश्शाच्या अँफोऱ्यांचेही तुकडे आहेत. शब्द सवयीचा असेल, पुरेसा नाही.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. रोमन भांड्यांच्या अभ्यासक रॉबर्टा टॉम्बर यांनी भारतात 'रोमन अँफोरा' म्हणून नोंदलेले तुकडे पुन्हा तपासले, तेव्हा त्यातले बरेच इराणी आखाताकडून आलेल्या 'टॉर्पेडो' भांड्यांचे निघाले. त्या भांड्यांना कानच नसतात, आतून डांबराचा लेप असतो. म्हणजे सरसकट 'रोमन मद्यकुंभ' लिहिण्यात मद्यही ठरवून टाकलं आणि रोमनही. व्यापाराचा अर्धा नकाशा एका शब्दाने पुसला जातो. म्हणून 'अँफोरा' तसाच ठेवा. हाइनरिश ड्रेसेल या अभ्यासकाने १८९९ मध्ये अँफोऱ्यांच्या आकारांचा क्रमांकवार तक्ता केला, तेव्हापासून जगभर 'ड्रेसेल २०' म्हटलं की तेलाचा गोल अँफोरा डोळ्यांपुढे येतो. मुलांना पुढे तेच शोधायचंय.

शुद्धाक्षर:
या न्यायाने सगळेच परके शब्द तसेच ठेवायचे. मग मराठीत आणायचं काय?

दूरदेशी:
वाक्य आणायचं. भांड्याचं नाव राहू द्या, पहिल्यांदा येईल तिथे 'दोन कानांचा, निमुळत्या किंवा गोल बुडाचा मोठा कुंभ' असं एकदा सांगा.

तांबडी_माती:
हे पटतंय, पण बुधला मनातून जात नाही. दुसरी अडचण: फुटक्या तुकड्याला काय म्हणू? 'मृत्पात्रखंड' लिहिवत नाही.

नदीकाठ:
खापर! आमच्या गावच्या पांढरीत पावसाळ्यानंतर पोरं खापरंच वेचतात. उत्खननावर काम करणारेही दुसरं काही म्हणत नाहीत. तेस्ताच्चो म्हणजे तरी काय? लॅटिन 'टेस्टा', खापर. सरळ 'खापरटेकडी' लिहा.

शुद्धाक्षर:
खापरटेकडी मान्य. छानच आहे. शिवाय त्याच 'टेस्टा'वरून इटालियनमध्ये 'टेस्टा' आणि फ्रेंचमध्ये 'तेत' म्हणजे डोकं. आपल्याकडे संस्कृत 'कपाल' म्हणजे कवटी आणि खापरही, आणि 'खर्पर' याचेही तेच दोन अर्थ. त्याचंच मराठी खापर.

आजोळकर:
म्हणूनच खापर नेहमी कुणाच्या तरी डोक्यावर फोडतात!

शुद्धाक्षर:
तसा पुरावा नाही. मडकं डोक्यावर फुटणं एवढंही पुरतं.

नदीकाठ:
आणि खापरपणजोबा? तिथे खापर कुठून आलं? आमचे काका म्हणायचे, इतक्या जुन्या माणसाची फक्त कवटी उरते म्हणून.

आजोळकर:
छे. ज्याच्या हातची फक्त खापरं उरतात तो खापरपणजोबा.

तांबडी_माती:
दोन्ही सुंदर आहेत, पण मला उद्या पहिलं पान द्यायचंय. अँफोरा की बुधला?

नदीकाठ:
विदर्भात खापरपणजोबाला दुसरा शब्द आहे का? तिकडचं कुणी आहे का इथे?