पाळी थांबल्यानंतर हाडांसाठी सोयाबीन आणि जवस पुरेसे आहेत का?

प्रश्न (महाल, नागपूर):
माझे वय 53 असून पाळी थांबून तीन वर्षे झाली आहेत. नुकत्याच केलेल्या डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत घनता सांगणारा आकडा) उणे 2.1 आला. आमच्याकडे दहा किलो गव्हात एक किलो भाजलेले सोयाबीन घालून दळण आणतात आणि जवसाची चटणी रोजच्या ताटात असते. दोन्हींत इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखी वनस्पतिजन्य द्रव्ये असतात, असे वाचल्यापासून सोयाबीनमधील अशाच द्रव्यांच्या, म्हणजे आयसोफ्लेव्होनच्या गोळ्याही सुरू कराव्यात का, हा विचार मनात घोळतो आहे.

उत्तर (आहारतज्ज्ञ, धरमपेठ):
ताई, आपला आकडा उणे 1 ते उणे 2.5 या टप्प्यातला, म्हणजे ऑस्टिओपेनियाचा (हाडांची घनता कमी झालेली, पण ऑस्टिओपोरोसिसइतकी नाही) आहे. हाड झिजवणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन आवर घालते. पाळी थांबल्यावर ते घटले की झीज भरणीच्या पुढे जाते. सोयाबीनमधील जेनिस्टीन आणि डेडझीन ही आयसोफ्लेव्होन पेशींतील इस्ट्रोजेनच्याच ग्राहींना (संप्रेरक जिथे बसते त्या जागांना) जाऊन चिकटतात खरे, परंतु मूळ संप्रेरकाच्या मानाने त्यांचा जोर फारच कमी असतो. आपल्या चार पोळ्यांत सोयाबीन जेमतेम 11 ग्रॅम, म्हणजे ही द्रव्ये साधारण 10 ते 20 मिलिग्रॅम जातात. 2007 साली इटलीतील एका अभ्यासात रोज 54 मिलिग्रॅम जेनिस्टीन घेणाऱ्या स्त्रियांच्या हाडांची घनता वाढलेली आढळली. मात्र अमेरिकेत 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज 200 मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन दोन वर्षे देऊनही झीज थांबली नाही. त्यामुळे दळण आणि चटणी निःशंकपणे चालू ठेवा, पण गोळ्यांवर भिस्त ठेवू नका.

उत्तर (सक्करदरा):
यात एक भर घालते. सोयाबीनच्या तेलात ही द्रव्ये जवळजवळ नसतात, ती पेंडीतच राहतात. जवसही अख्खे खाल्ले तर बरेचसे न पचताच बाहेर पडते, म्हणून कुटलेली चटणीच बरी. डेडझीनपासून इक्वॉल हे अधिक प्रभावी द्रव्य तयार करणारे जिवाणू सर्वांच्या आतड्यांत नसतात, त्यामुळे एकीला आलेला गुण दुसरीला येईलच असे नाही. थायरॉईडची गोळी चालू असल्यास ती आणि सोयाबीन यांत काही तासांचे अंतर ठेवा, कारण सोयाबीनमुळे गोळीचे शोषण घटते.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. हाडांना ड जीवनसत्त्वही लागते आणि ते उन्हामुळे त्वचेत तयार होते, पण आपल्याकडच्या उन्हात मी चेहरा आणि हात ओढणीने पूर्ण झाकूनच बाहेर पडते, हे आता ध्यानात आले. गोळ्यांचा विचार सोडून आधी ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घेते आणि तो अहवाल घेऊनच डॉक्टरांकडे जाते.