मिड-इंजिन प्रोजेक्ट: लिनियाचं १.४ टी-जेट घ्यावं की लॉराचं १.८ टीएसआय?

रामबाग_गॅरेज

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. पाइपची चेसिस, दोन सीट, इंजिन सीटच्या मागे आडवं, असा प्रोजेक्ट चालू आहे. फॅब्रिकेशन सांवेर रोडला होतंय, पण इंजिन ठरल्याशिवाय मागचा सांगाडा पुढे सरकत नाही. चालक सोडून वजन ७५० किलोच्या आत ठेवायचंय. गाडी ट्रेलरवरून न्यायची, ऑटोक्रॉस (शंकूंमधून वेळ लावून चालवायची स्पर्धा) आणि ट्रॅकवर चालवायची, बस.

पर्याय दोन आहेत.

१) फियाट लिनिया टी-जेट (१.४ लिटरचं टर्बो पेट्रोल), मागून ठोकलेली, अख्खी गाडी. इंजिन चालू होतं, किल्ली आहे.

२) स्कोडा लॉरा १.८ टीएसआयचं टर्बो पेट्रोल इंजिन (कोड सीडीएए), सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स आणि ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर). सगळं गाडीतून काढून ठेवलेलं. मीटर आणि किल्ली नाही.

पैसे दोन्हीकडे जवळपास सारखेच. मला १४०-१५० पीएस पुरेत. टीएसआय कंपनीकडूनच १६० चं येतं म्हणून मन तिकडे ओढतंय. ईसीएम कंपनीचाच ठेवावा की स्टँडअलोन, म्हणजे बाहेरून घेऊन स्वतः ट्यून करायचा, लावावा? आणि आपल्याकडच्या मे महिन्यात रेडिएटर पुढे, इंजिन मागे, हे जमेल का?

---

लेथ_आणि_वेल्डिंग

टी-जेट घ्या. तुमच्या यादीतच उत्तर आहे: एकीकडे अख्खी गाडी मिळतेय, दुसरीकडे नुसतं इंजिन. अशा प्रोजेक्टमध्ये वेळ आणि पैसा इंजिनावर कमी जातो, त्याच्या भोवतीच्या वस्तूंवर जास्त. अॅक्सल, हब, सीव्ही जॉइंट, गिअरच्या केबल, क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, इलेक्ट्रॉनिक पॅडल, सगळे सेन्सर, पूर्ण वायरिंग, इंजिन माउंटिंगचे ब्रॅकेट, हे एकेक सुटं गोळा करायला बसलात तर वर्ष जाईल.

आकडे बघा. लिनियात टी-जेट ११४ पीएस आणि २०७ एनएम देतं. तेच १३६८ सीसीचं इंजिन अबार्थ पुंटोत १४५ पीएसला आलं होतं, म्हणजे तुम्हाला हवं तेवढं या इंजिनात कंपनीनेच काढून दाखवलंय. टॉर्क मात्र २१२ वरच थांबवला होता आणि गिअर पाचच. बॉक्स जपण्यासाठीच असावं, असं मला वाटतं. तुम्हीही खालच्या आरपीएमला टॉर्क चढवू नका, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वरच्या आरपीएमच्या पट्ट्यात धरून ठेवा.

तुमच्यासकट गाडी ८२५ किलो धरली तर ११४ पीएसला टनामागे १३८ होतात, १४५ ला १७५ च्या पुढे. लॉरा स्वतः साधारण चौदाशे किलोची गाडी, तिथे १६० पीएसचा हिशेब टनामागे ११० च्या आसपासच राहतो. इतक्या हलक्या गाडीत थेट लिनियाच्याच सेटिंगवर सुरुवात केलीत तरी पहिले काही महिने कमी पडणार नाही.

---

टीएसआय_हाच_धर्म

थोडी उलट बाजू मांडतो. टीएसआय २५० एनएम १५०० आरपीएमपासून देतं, त्यामुळे ऑटोक्रॉसच्या हेअरपिनमधून दुसऱ्या गिअरवर बाहेर पडताना वाट बघावी लागत नाही. निव्वळ रिमॅपवर (ईसीएमची सेटिंग बदलून) ते दोनशे पीएसच्या घरात जातं. ब्लॉक लोखंडी आहे, बॉक्स सहा गिअरचा आणि ताकदीला पुरून उरणारा. फोक्सवॅगन-स्कोडाचे पार्ट आजही मिळतात. लिनिया आणि पुंटो भारतात बंद झाल्या, हे विसरून चालणार नाही.

पण सीडीएए घ्यायचंच तर इंजिन बाहेर आहे तोवर तीन गोष्टी केल्याशिवाय गाडीत बसवू नका.

पहिली, टायमिंग चेनचा टेन्शनर. जुन्या डिझाइनचा टेन्शनर दाब सोडतो, चेन दात ओलांडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. थंड इंजिन चालू करताना दोन-तीन सेकंद खडखड आली तर समजून जा. तुमचं इंजिन जमिनीवर पडलेलं, आवाज ऐकायची सोयच नाही. म्हणून कव्हर उघडून सुधारित टेन्शनर, चेन आणि गाइड बदलूनच टाका.

दुसरी, ऑइल खाणं. या पिढीत पिस्टनच्या ऑइल रिंगा बारीक आहेत, त्यांच्या मागची भोकं कार्बनने बुजतात आणि ऑइल जळतं. कॉम्प्रेशन टेस्ट चांगली येते आणि तरी इंजिन ऑइल पितं, त्यामुळे तेवढ्या टेस्टवर विसंबू नका. पक्का उपाय म्हणजे सुधारित पिस्टन-रिंगा.

तिसरी, इनटेक व्हॉल्व्ह. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्हच्या पाठीवरून धुवून जात नाही, म्हणून तिथे कार्बनची पपडी जमते. मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या टरफलाच्या भुकटीने ब्लास्ट करा. त्याच वेळी पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत इनटेकला नेणारी व्यवस्था) ऑइल सेपरेटर आणि प्लास्टिकचं वॉटर पंप हाउसिंगही बघून घ्या, ते गळतं.

एक सूचना: पार्ट शोधताना २०१३ नंतरच्या ऑक्टाव्हियाचं हेड वगैरे कोणी गळ्यात मारेल. त्या पिढीत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला आहे, तुमच्या इंजिनाला ते चालत नाही. आणि तिचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) फुकट मिळाला तरी नको.

---

लेथ_आणि_वेल्डिंग

या तीन कामांचा खर्च धरला की "पैसे सारखेच" हे वाक्य तिथेच संपतं, दादा.

---

बारा_व्होल्ट

ईसीएमचं सांगतो, कारण माझ्या मते निर्णय इथेच होतो.

मीटर आणि किल्ली नसलेला टीएसआयचा ईसीएम म्हणजे कुलूपबंद पेटी. इमोबिलायझर ईसीएम, मीटर आणि किल्ली या तिघांत वाटलेला असतो. ईसीएम उघडून तो बंद करून देणारे लोक आहेत, पण मग एबीएस, गेटवे यांचे संदेश कॅनवर (गाडीतल्या कॉम्प्युटरांची आपसात बोलायची लाइन) नाहीत म्हणून वेगळी कुरकुर सुरू होते. स्टँडअलोन लावू म्हणाल, तर डायरेक्ट इंजेक्शन आड येतं. तिथे इंजेक्टर उघडायला ६५ व्होल्टच्या आसपासचा झटका लागतो आणि दीडशे बारपर्यंतचा हाय-प्रेशर पंप कॅमच्या स्थितीशी जुळवून चालवावा लागतो. स्वस्त स्टँडअलोनला हे जमत नाही, आणि ज्यांना जमतं त्यांची किंमत तुमच्या दोन्ही पर्यायांपेक्षा जास्त.

टी-जेट पोर्ट इंजेक्शनचं आहे. साधे १२ व्होल्टचे इंजेक्टर, टाकीतला एकच पंप. पुढेमागे कुठलाही बरा स्टँडअलोन त्यावर चालेल. सुरुवात मात्र कंपनीच्याच ईसीएमवर करा. लिनियातून काढताना हे सोबत हवंच: ईसीएम, डॅशखालचा बॉडी कॉम्प्युटर, मीटर, किल्ली आणि किल्लीभोवतीची अँटेनाची कडी, पॅडल, दोन्ही ऑक्सिजन सेन्सर, इंजिन खोलीतला फ्यूज बॉक्स. वायरिंग कुठेही कापू नका. आधी अख्खं हार्नेस (वायरिंगचा जुडगा) बाहेर काढा, जमिनीवर पसरा, प्रत्येक कनेक्टरला चिठ्ठी बांधा, इंजिन त्यावर चालू करून बघा. मग काच, सेंट्रल लॉक, एसीच्या तारा एकेक काढा आणि प्रत्येक वेळी पुन्हा स्टार्ट करा. इंजिन मागे गेल्यावर बहुतेक सगळा त्रास अर्थिंगचा होतो: बॅटरी पुढे ठेवणार असाल तर ब्लॉकपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ३५ चौरस मिमीची स्वतंत्र तांब्याची केबल टाका, चेसिसच्या पाइपवर भरवसा ठेवू नका.

पेट्रोलचं विसरू नका. पंपावर आता ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) येतं. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधनाचं प्रमाण १४.७, तर ई२० ला साधारण १३.५ लागतं, म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे नऊ टक्के जास्त इंधन. मंद चालीत ईसीएम ते भरून काढतो, पण पूर्ण थ्रॉटलला बूस्टवर मिश्रण पातळ राहू शकतं, आणि पातळ मिश्रण अधिक बूस्ट म्हणजे नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकणं). वाइडबँड (मिश्रण मोजणारा ऑक्सिजन सेन्सर) लावा, वाचन लॅम्डात (१ म्हणजे नेमकं प्रमाण, त्याखाली म्हणजे इंधन जास्त) ठेवा, पूर्ण बूस्टला ०.८० ते ०.८५ च्या वर जाऊ देऊ नका. नळ्या एसएई जे३०आर९ दर्जाच्या घ्या. जुने रबर इथेनॉलने फुगतं आणि सुटलेले कण इंजेक्टरच्या जाळीत अडकतात.

---

पीथमपूरकर

रेडिएटर पुढे, इंजिन मागे हे मे महिन्यातही जमतं, फक्त हवा अडकू देऊ नका. जाणारा-येणारा पाइप ३२ मिमीचा अॅल्युमिनियम, प्रत्येक टोकाला होज सरकू नये म्हणून उठाव काढलेला. पाइप जमिनीलगत सरळ न्या, मध्ये उंचवटा नको. जिथे उंचवटा टाळताच येत नाही तिथे ब्लीड स्क्रू. एक्सपान्शन टाकी सगळ्यांत उंच, रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातून तिच्याकडे बारीक नळी. कूलंट भरताना गाडीचं नाक जॅकवर उचलून धरा. पंखा १२ इंची, आणि रेडिएटरच्या कडेने हवा पळू नये म्हणून चारी बाजूंनी पत्रा. हा पत्रा न लावणारेच "रेडिएटर लहान पडला" म्हणून ओरडतात.

इंटरकूलरला मागे वारा मिळत नाही. बाजूला मोठं तोंड कापून डक्ट करा, नाहीतर पाण्याचा इंटरकूलर लावा. त्याला वेगळा पंप, वेगळी टाकी, पुढे वेगळा छोटा रेडिएटर लागतो, पण पाइप आखूड राहतात.

बसवण्याबद्दल दोन गोष्टी. इंजिन-गिअरबॉक्स डोनर गाडीत (जिच्यातून काढलं तिच्यात) ज्या तोंडाने होतं त्याच तोंडाने मागे ठेवा. जागेसाठी अर्धा फेरा फिरवलंत तर गाडीला पाच रिव्हर्स आणि एक फॉरवर्ड गिअर मिळेल! आणि पुढचे हब मागे येतात तेव्हा त्यांचे स्टीअरिंग आर्म मोकळे राहतात. तिथे लांबी कमी-जास्त होणारी टो लिंक (चाकाची दिशा धरून ठेवणारी दांडी) लावा, तिचं आतलं टोक खालच्या आर्मच्या पिव्हटच्या रेषेत ठेवा, नाहीतर चाक वर-खाली होताना मागची चाकं आपोआप वळतील. अॅक्सल कमी-जास्त करायचा असेल तर मध्ये कापून वेल्ड करणाऱ्याकडे जाऊ नका. ईएन२४ पोलादाचा नवा करून स्प्लाइन आणि हार्डनिंग करून घ्या.

कायद्याचं एकच: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत बदल करण्याबद्दलचं) आणि २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बघता दुसऱ्या गाडीचं इंजिन घातलेली घरगुती चेसिस पासिंगला न्यायचा विचारही नको. तुम्ही ट्रेलर म्हणताय ते बरोबर आहे. घराजवळचा नॅट्रॅक्स (पीथमपूरचा चाचणी ट्रॅक) मात्र कंपन्यांच्या चाचण्यांसाठी आहे, तिथे मोकळा ट्रॅक डे मिळेल असं गृहीत धरू नका.

---

रामबाग_गॅरेज

टीएसआयचं भूत उतरलं. उद्या लिनिया बघायला जातोय. घेण्याआधी काय तपासू? आणि इंजिन बाहेर आलं की ऑइल चेंबरचं (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचं) काही करावं लागेल का?

---

लेथ_आणि_वेल्डिंग

तिथे थंड इंजिनच चालू करायला सांगा. आधी गरम करून ठेवलं असेल तर चहा प्या, तासाभराने बघा. मॅनिफोल्डला तडा असेल तर थंडीत फटफट आवाज येतो आणि तापल्यावर गप्प होतो. चारही प्लग काढून, इंधनाचा फ्यूज काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन घ्या. आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा, दहा टक्क्यांच्या वर गेला तर भाव पाडा किंवा सोडा. टर्बोचा इनटेक पाइप काढून शाफ्ट बोटांनी हलवा: आडवी किंचित हालचाल चालते, पुढे-मागे अजिबात जाणवता कामा नये.

बाहेर आल्यावर टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप एकदम बदला. पुलीवर खुणा शोधू नका, यात त्या नसतात. कॅम लॉक करायच्या पिना आणि पिस्टन मधोमध धरायचं टूल लागतं. कॅम पुली ढिली करून, बेल्टला ताण देऊन, मग पुली घट्ट करायची. खडूने खूण करून बेल्ट चढवणाऱ्या मेकॅनिकला हात लावू देऊ नका.

टर्बोची ऑइल फीड नळी नवीन घ्या, ड्रेन नळी उतरतीच ठेवा आणि तिच्या गॅस्केटला सिलिकॉन लावू नका. सुटलेला तुकडा ड्रेन बुजवतो, मग सीलमधून ऑइल एक्झॉस्टमध्ये जातं आणि लोक टर्बोच बदलतात.

चेंबरचं हो, करावं लागेल. या इंजिनात ऑइल जेमतेम तीन लिटर, आणि लांब वळणावर ते एका कडेला जातं. पिकअपने (ऑइल ओढणाऱ्या नळीने) हवा ओढली की कनेक्टिंग रॉडची बिग एंड बेअरिंग जातात. पिकअपभोवती चौकोनी पेटी वेल्ड करा, दोन्ही बाजूंना आतच उघडणारी बिजागरीची झाकणं, वर आडवा पत्रा. वेल्डिंगनंतर चेंबरचं तोंड काचेवर ठेवून सपाट आहे का बघा, आणि तळ व पिकअपची जाळी यांतलं अंतर आधी होतं तेवढंच आहे ना, हे जाळीखाली मळलेल्या कणकेची गोळी दाबून मोजा.