मदत हवी आहे: सरकारी पत्रकातला पासवर्डचा मजकूर कसा लिहावा?

ऑनलाइन सुरक्षेच्या जनजागृती पत्रकाच्या जुन्या मसुद्यात ‘दर ९० दिवसांनी पासवर्ड बदला’ असं वाक्य आहे. ते काढायचंय. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने २०१७ मध्येच सांगितलं की ठरावीक मुदतीची सक्ती नको, पासवर्ड फुटल्याचं दिसलं तरच बदला. सक्ती केली की लोक शेवटचा १ खोडून २ करतात, बस्स!

ब्रिटनचं राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्र तीन असंबद्ध शब्द जोडायला सांगतं. अडचण मराठीत येते. देवनागरी अक्षरं अनेक साइट घेत नाहीत. रोमन लिपीत ‘पाणी’ कधी एका ‘ए’ने लिहिलं जातं, कधी दोन, आणि खातं लॉक. शिवाय छापलेलं उदाहरणच लोक जसंच्या तसं उचलतात.

उदाहरण न देता ही पद्धत दोन ओळींत कशी मांडाल?