घरात मोबाईल आला आणि काय काय बदललं? अनुभव लिहा

२०२० ला शाळा बंद झाल्या तेव्हा आमच्यात एकच स्मार्टफोन, तो पण ह्यांच्याकडे, आणि हे एमआयडीसीत शिफ्टला. फोन संध्याकाळी सातला घरी यायचा, मग दोन्ही पोरं त्यावर तुटून पडायची, दिवसभराचा अभ्यास ग्रुपवर साठलेला, तो वहीत उतरवता उतरवता धाकटी झोपूनच जायची. जुलैत दूरदर्शनच्या सह्याद्रीवर टिलीमिली हा अभ्यासाचा कार्यक्रम सुरू झाला पहिली ते आठवीसाठी, त्याचा फार आधार वाटला, टीव्ही तरी घरातच होता ना. पण मोठ्याचं आठवीचं गणित कच्चं राहिलं ते दहावीत नडलंच, मला अजून चुटपुट लागते. तुमच्याकडे अभ्यास, भाषा, घरातलं बोलणं काय बदललं ते सांगा, चांगलं वाईट दोन्ही.

*

मी जि.प. शिक्षक, जव्हार तालुका. वर्गात २८ पोरं, ग्रुपवर ९ पालक, त्यातले चार दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेले म्हणजे फोन पण गेला. बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड असतो, स्कॅन केला की दीक्षा ह्या सरकारी अभ्यासाच्या ॲपवर व्हिडिओ उघडतो, पण पाड्यावर रेंज कुठे? मी घरून डाउनलोड करून न्यायचो आणि ओट्यावर पोरं लांब लांब बसवून एकच फोन मधे ठेवायचो. बी कसं रुजतं ते दाखवलं तर दुसऱ्या दिवशी एक पोरगी मोड आलेली नागली ओंजळीत घेऊन आली. त्या दिवशी व्हिडिओ कुणी मागितलाच नाही.

*

मी धुळ्याची. पुण्यात होस्टेलला आईचा फोन आला की जिन्यात जाऊन बोलायचे, कारण घरी आम्ही अहिराणी बोलतो आणि रूममेट हसायच्या. मग यूट्यूबवर अहिराणी गाणी एवढी चालायला लागली की त्याच मुली गॅदरिंगला त्यावर नाचल्या आणि मला शब्दांचे अर्थ विचारायला लागल्या!! आता खोलीतच बोलते, काय करी राहिनी माय.

*

नात न्यू जर्सीत. मराठी बोलते, वाचता येत नव्हतं, म्हणून मी रोज एक ओळ देवनागरीत पाठवते. काल उत्तर आलं, "आजी मी जेवली". दुरुस्त नाही केलं, आधी लिहू दे.

*

आमच्याकडे चौघांचे चार फोन. परवा दोन तास लाईट नव्हती, रेंज पण गेलेली, तर मुलगा गच्चीत माझ्याशेजारी येऊन बसला आणि बोलता बोलता कळलं की त्याला सायन्स नकोय. चार महिन्यांपूर्वीच स्टेटसला टाकलं होतं, मला हाईड करून. ऐकून घेतलं सगळं. अजून मी काही बोललो नाहीये.